हातपाय न झाडणारी फिट: टेम्पोरल लोबच्या अनुभवांची पार्श्वभूमी

पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, जळका वास येतो, समोरचे सगळे पूर्वी कधीतरी घडून गेले आहे असा भास होतो, आणि मग तो माणूस ओठ चाटत, सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत दीड-दोन मिनिटे हाकेला ओ देत नाही. तोंडाला फेस नाही, हातपाय झाडणे नाही. त्यामुळे साताऱ्याकडच्या खेड्यांत ही फिट असेल असे अजूनही कित्येकांच्या मनात येत नाही, आणि दवाखान्याआधी देवऋषी गाठला जातो.

लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अवस्थेला स्वप्नवत अवस्था म्हटले. त्यांचा एक रुग्ण स्वतः डॉक्टर होता. झटक्याच्या भरातच त्याने एका आजाऱ्याची छाती तपासून न्यूमोनियाचे निदान लिहिले. शुद्धीवर आल्यावर त्यातले काहीही आठवेना, म्हणून त्याने त्या आजाऱ्याला पुन्हा तपासले, तर निदान बरोबर होते. पुढे या डॉक्टरच्या शवविच्छेदनात त्याच्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडील भागाच्या, आतल्या बाजूस एक लहानशी खराब झालेली जागा सापडली. 1929 मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला आणि अशा झटक्यांची नोंद कागदावर घेणे शक्य झाले.

मानसिक आजाराशी असलेला धागा 1963 मध्ये स्लेटर आणि बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी अपस्माराबरोबर, म्हणजे फिटच्या आजाराबरोबर, स्किझोफ्रेनियासारखी (भास-भ्रमांची) लक्षणे असलेल्या 69 रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आणला. 1980 च्या दशकात कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल पर्सिंजर यांनी निरोगी विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन असे अनुभव त्यांनाही येतात हे दाखवले, आणि 1993 मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन टायशर व सहकाऱ्यांना बालपणी अत्याचार सोसलेल्या मनोरुग्णांत ते अधिक आढळले. ही शेवटची नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण अशा रुग्णाला झटक्याच्या गोळ्यांइतकेच कोणीतरी शांतपणे ऐकून घेण्याची गरज असू शकते. डोक्यावर मंद चुंबकीय क्षेत्र सोडून असेच अनुभव जागवता येतात असा दावा असलेल्या पर्सिंजर यांच्या हेल्मेटचे परिणाम मात्र 2005 मध्ये स्वीडनमधील काटेकोर प्रयोगात पुन्हा मिळाले नाहीत. प्रश्नावलीतून माणसाचा अनुभव कळतो, मेंदूतली वीज कळत नाही.

म्हणूनच अनुभव कोणता यापेक्षा तो दर वेळी अगदी तसाच, थोडा वेळ आणि भान हरपून येतो का, हे विचारावे लागते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला आलेख निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी मिरजेला रुग्णाला घेऊन येणाऱ्या भावाच्या मोबाइलमधले मिनिटभराचे चित्रण निदानाला मोठा आधार देते.