ओळखपत्रासाठीची बायोमेट्रिक चाचणी

बोटांचे ठसे, बुबुळं किंवा चेहरा ओळखणारं मशीन अख्ख्या देशाच्या ओळखपत्राला लावण्याआधी ते खऱ्या माणसांवर वापरून बघणं म्हणजे बायोमेट्रिक चाचणी. मशीन चालतं का एवढंच त्यात बघायचं नसतं, कोणाकोणाच्या बाबतीत चालत नाही हे शोधणं जास्त महत्त्वाचं असतं, आणि कोकणासारख्या हाताने राबणाऱ्या पट्ट्यात तर हाच भाग सगळ्यात मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन तीन तऱ्हेने चुकतं. दुसऱ्याच माणसाला तुम्ही समजतं, ती एक चूक. तुम्ही तुम्हीच असताना नाही म्हणतं, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे ठसा मुळात घेताच येत नाही, नोंदणीच अडते. पहिली चूक कमी करायला मशीन कडक केलं की दुसरी वाढते, त्यामुळे नुसता एकच आकडा दाखवून कोणी आमचं मशीन एकदम अचूक आहे असं म्हटलं तर बाकीचे दोन आकडे मागून घ्यावेत.

कामंही दोन वेगळी आहेत. रेशन दुकानात तुमचा ठसा फक्त तुमच्याच नोंदीशी जुळवतात, पण नवीन नोंदणी करताना एकच माणूस दोन नंबर घेत नाही ना हे बघायला तो आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावा लागतो. समजा मशीन एक कोटी तुलनांत एकदाच चुकतं, ऐकायला भारी वाटतं, पण नोंदी 100 कोटी असतील तर प्रत्येक नवीन माणसामागे सरासरी 100 खोट्या जुळण्या निघतील. आधारमध्ये दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि फोटो घेतात त्यामागे हे गणित आहे. आणि म्हणूनच काही हजार लोकांवर घेतलेली चाचणी देशाला पुरेल असं सरळ धरून चालत नाही.

आपल्याकडे याची सुरुवात आधारच्या बरीच आधी झाली. 2003 मध्ये बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राचा पायलट प्रोजेक्ट निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात शेजारचं गोवाही होतं. मग 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला झाला, हल्लेखोर समुद्रातून आले होते, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांतल्या लोकांसाठी आणि समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रांची कामं निघाली, म्हणजे देशात इतर ठिकाणच्या आधी किनारपट्टीचा नंबर लागला. आधारसाठी 2010 मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि बिहारच्या ग्रामीण भागात चाचणी घेतली, त्यातला चांगला भाग असा की ती खेड्यांत आणि कष्टकरी माणसांत घेतली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार नंबर दिले गेले. पुढे कोणाचं कुठलं बोट सगळ्यात नीट लागतं ते शोधून तेच वापरायचं, ही 'बेस्ट फिंगर'ची पद्धत चाचण्यांमधून आली.

बाहेरचं वाचण्यासारखं उदाहरण ब्रिटनचं. तिथे 2004 मध्ये पासपोर्ट खात्याने 10 हजारांहून जास्त स्वयंसेवकांवर ट्रायल घेतली, त्यात अपंग लोकांचा मुद्दाम वेगळा गट ठेवला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेल्या गटात पडताळणी बुबुळावर 96 टक्के, बोटावर 81 टक्के आणि चेहऱ्यावर 69 टक्के जुळली, अपंगांच्या गटात चेहऱ्याचा आकडा 48 वर आला. वेगळा गट केला नसता तर हे 48 सरासरीत विरघळून गेलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. ज्या राष्ट्रीय ओळखपत्र योजनेची ही पूर्वतयारी होती, ती पुढे 2010 मध्ये कायदा करून रद्दच झाली.

आता कोकणाकडे या. चिरेखाणीवर दिवसभर चिरे उचलणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा घासून जातात. काजू फॅक्टरीत बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं टरफलातल्या तेलाने निघतात, ते तेल कातडी भाजतं. कोळंबी सोलणारीचे हात तासन्‌तास बर्फात आणि पाण्यात असतात, बोटं सुरकुतलेली, त्यात काट्यांच्या जखमा, आणि जाळ्याचा दोर ओढणाऱ्याचं तर विचारूच नका. या सगळ्यांचे ठसे कायमचे गेलेत असं नाही, काम थांबलं की बऱ्याच जणांच्या रेषा परत येतात, म्हणून चाचणी कुठल्या महिन्यात घेतली यावर निकाल फिरू शकतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशाचं बोट बरं लागेल, पण तेच भातलावणीचे दिवस, शेतकऱ्याचे हात चिखलात. एकाच फेरीत दोघांचा खरा अंदाज येत नाही. दमट हवेत काचेवर ओल धरते, वरून नेटवर्क जातं, आणि दुकानात उभ्या माणसाला ठसा चुकला की सर्व्हर पडला हे कळतच नाही, म्हणून ही दोन्ही कारणं वेगवेगळी नोंदवली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट निकालांत फार कमी वेळा दिसते. शंभरात पाच वेळा मशीन नाही म्हणतं, यात ते पाच दर वेळी वेगळे आहेत की तीच पाच माणसं आहेत? तीच म्हातारी दर महिन्याला परत जात असेल तर पाच टक्के हा आकडा तिच्यासाठी शंभर टक्के आहे. त्यामुळे चाचणीत तीच माणसं काही महिन्यांनी परत बोलावून बघायला हवीत, आणि सोबत पर्यायी वाटही तपासायला हवी, बुबुळ, ओटीपी किंवा घरातल्या दुसऱ्याचा ठसा. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो घरधन्याबरोबर समुद्रात गेलेला असेल तर मागे राहिलेल्या बाईला धान्य कसं मिळतं, हेसुद्धा हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर उभं राहून बघायचं काम आहे, लॅबमध्ये ते दिसणार नाही.