राज्य फुलपाखराच्या नावांची पार्श्वभूमी

जून २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले, तेव्हा देशातील अन्य कोणत्याही राज्याने असे मानचिन्ह ठरवलेले नव्हते. त्याच वेळी सरकारी कागदांत त्याला ‘राणी पाकोळी’ हे मराठी नाव मिळाले आणि आज ज्यावर सर्वाधिक खल होतो, ते हे नावच आहे.

मूळ इंग्रजी नावही उसनेच आहे. याच कुळातील ‘कॉमन मॉरमॉन’ची मादी तीन रूपांत आढळते, त्यांपैकी दोन रूपे विषारी फुलपाखरांची नक्कल करतात, एका नराच्या जणू अनेक बायका, या कल्पनेवरून बहुपत्नीत्वासाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी पंथाचे नाव त्याला चिकटले, असे सांगितले जाते. ब्लू मॉरमॉनच्या मादीत अशी बहुरूपता नाही, तरीही नाते जवळचे म्हणून नाव पुढे चालू राहिले. मराठी नावाची अडचण निराळी आहे. पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यात ‘पाकोळी’ म्हणजे ताडपाकोळीसारखा, सतत उडत राहणारा पक्षी, आणि ‘राणी’ हे विशेषण नरालाही लावावे लागते. पुढे रूढ होऊ लागलेले ‘नीलवंत’ हे नाव काळ्या मखमली पंखांवरील निळाईशी थेट जुळते. प्रस्तुत लेखकास तेच अधिक समर्पक वाटते.

शास्त्रीय नाव मात्र १७७५ पासून स्थिर आहे. वसाहतकाळात हौशी अधिकारी जाळी घेऊन नमुने गोळा करत. आता ते काम बहुतांशी कॅमेऱ्याने होते.

निवडीवरही आक्षेप घेता येतो, कारण हे फुलपाखरू दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही आढळते, म्हणजे ते केवळ महाराष्ट्राचे नाही. पण सह्याद्रीच्या सदाहरित रानात माकडलिंबूवर वाढणारी त्याची अळी परसातल्या लिंबावर आणि पपनसावरही वाढते, त्यामुळे जंगलात न जाणाऱ्यालाही ते दिसू शकते. मानचिन्हासाठी ही बाब मोलाची होती. २०१८ मध्ये केरळने आणि २०१९ मध्ये तमिळनाडूने आपापली राज्य फुलपाखरे ठरवली. या दर्जातून कायदेशीर संरक्षण आपोआप मिळत नाही, आणि पावसाळ्यानंतर घाटवाटांवर जमणारे निरीक्षक अजूनही त्याला ‘मॉरमॉन’ असेच म्हणतात.