पीसी गेममधलं एचडीआर

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, चित्रातला सगळ्यात काळोखा भाग आणि सगळ्यात लख्ख भाग यांच्यातलं अंतर खूप वाढवून दाखवायची पद्धत. साधं म्हणजे एसडीआर (स्टँडर्ड डायनॅमिक रेंज) चित्र साधारण १०० निट्स (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) धरून बनवलेलं असतं, त्यामुळे सूर्य, दिवा आणि पांढरा कागद तिन्ही एकाच पांढऱ्यात जाऊन अडकतात. एचडीआर१० या सर्रास चालणाऱ्या एचडीआर प्रकारात जो पीक्यू कर्व्ह, म्हणजे सिग्नलच्या कुठल्या आकड्याला किती उजेड हे ठरवणारा आलेख, वापरतात (२०१४ सालचं स्टँडर्ड) तो थेट १०,००० निट्सपर्यंत जातो, आणि प्रत्येक रंगाला ८ बिटच्या २५६ पायऱ्यांऐवजी १० बिटच्या १०२४ पायऱ्या मिळतात. त्यामुळे कागद कागदासारखाच राहतो आणि सूर्य मात्र डोळे बारीक करायला लावतो.

एचडीआर म्हणजे सगळंच ब्राइट, असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच गाडी चुकते. चांगल्या एचडीआरमध्ये चित्राचा बहुतेक भाग एसडीआरइतकाच उजेडाचा असतो, फक्त ठिणगी, पाण्यावरची चमक, निऑनची पाटी एवढंच वर उसळतं. बाकीचं शांत असतं म्हणूनच ते उसळणं जाणवतं.

मॉनिटरच्या खोक्यावर एचडीआर लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये. व्हेसा या डिस्प्लेची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाच्या पातळ्या आणल्या, त्यातल्या सगळ्यात खालच्या ४०० ला लोकल डिमिंगची (स्क्रीनमागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, भागाभागाने कमीजास्त करायची) सक्ती नाही, म्हणजे बहुतेक वेळा बॅकलाइट अख्ख्या स्क्रीनचा एकदमच कमीजास्त होतो आणि काळं ते राखाडीच राहतं. अशा पॅनेलवर एसडीआरच चांगलं दिसतं, हे माझं स्पष्ट मत. खरी मजा भरपूर झोन (बॅकलाइटचे वेगवेगळे कमीजास्त होणारे भाग) असलेल्या मिनी एलईडीवर नाहीतर ओएलईडीवर, कारण ओएलईडीत पिक्सेल पूर्ण बंद होतो, फक्त सगळा स्क्रीन पांढरा झाला (बर्फाचा सीन वगैरे) की त्याचा ब्राइटनेस खाली येतो.

विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर चालू करायचं, किंवा विंडोज की, ऑल्ट आणि बी एकदम दाबायचं. मग मायक्रोसॉफ्टचं विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन हे फुकट अॅप चालवायचं, ही पायरी लोक सर्रास टाळतात आणि मग गेमला नावं ठेवतात. ते अॅप आपल्या स्क्रीनवर सगळ्यात काळं काय दिसतं, छोट्या भागात आणि पूर्ण स्क्रीनवर जास्तीत जास्त उजेड किती जातो हे नमुने दाखवून विचारतं आणि त्याचं प्रोफाइल बनवतं, जे बरेच गेम वाचतात. केबलचं एवढंच, की एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झला १० बिट पूर्ण आरजीबी मावत नाही, पण ८ बिट आणि डिदरिंगनेही (शेजारचे पिक्सेल मिसळून मधल्या छटांचा भास करणं) फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे डोकं खपवायला नको.

गेमच्या आत सहसा तीन गोष्टी असतात: पीक ब्राइटनेस, पेपर व्हाइट आणि कधीकधी ब्लॅक लेव्हल. पीक म्हणजे गेमने कुठवर जायचं. तिथे मॉनिटरचा खरा आकडा द्यावा, ८०० निट्सचं पॅनेल असेल तर ८००. "लोगो दिसेनासा होईपर्यंत वाढवा" असं गेम सांगतो, पण मॉनिटर किंवा टीव्ही स्वतःच टोन मॅपिंग (जास्त उजेड स्क्रीनला झेपेल इतका दाबून बसवणं) करत असला तर आकडा २००० च्या पुढे गेला तरी लोगो पुसट दिसतच राहतो, म्हणजे गेम एकदा दाबतो, टीव्ही परत दाबतो आणि चित्र मळकट होतं. म्हणून टीव्हीवर एचजीआयजी नावाचा मोड असेल तर तो लावावा, त्यात टीव्ही मध्ये पडत नाही. पेपर व्हाइट म्हणजे साधा पांढरा किती उजळ, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. अंधाऱ्या खोलीत १०० ते १५०, उजेडात २०० च्या आसपास पुरतं (आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचा संदर्भ आकडा २०३ आहे), आणि हौसेने ४०० केला की ६०० च्या पॅनेलवर चमकेला जागाच उरत नाही.

काळोख राखाडी दिसायचं आणखी एक कारण विंडोजमध्येच आहे. एचडीआर चालू असताना ते एसडीआर गोष्टी एसआरजीबीच्या कर्व्हने दाखवतं आणि बहुतेक एसडीआर गेम बनलेले असतात गॅमा २.२ या दुसऱ्या कर्व्हच्या हिशोबाने, जो सावल्या जास्त काळ्या ठेवतो, म्हणून सावल्या उचलल्यासारख्या वाटतात.

ज्या गेममध्ये एचडीआरच नाही त्यांच्यासाठी विंडोज ११ मधलं ऑटो एचडीआर आहे (डायरेक्टएक्स ११ आणि १२ चे गेम), एनव्हिडियाचं आरटीएक्स एचडीआर आहे जे २०२४ मध्ये आलं आणि कार्डावर थोडा जास्त भार टाकतं. दोन्ही तयार एसडीआर चित्र ताणतात, त्यामुळे जे पांढऱ्यात जळून गेलंय ते परत येत नाही. रेनोडीएक्ससारखे मॉड (गेममध्ये बाहेरून घालायचे बदल) यापेक्षा मला कितीतरी बरे वाटतात, कारण आजकालचं इंजिन आतल्या आत सीन मोठ्या रेंजमध्येच रेंडर करतं आणि अगदी शेवटी टोन मॅपर लावून तो एसडीआरमध्ये कोंबतं, हे मॉड तो शेवटचा शेडरच (चित्राचे रंग ठरवणारा कार्डावरचा छोटा प्रोग्राम) बदलतात आणि ढगातला तपशील जळायच्या आधीच पकडतात. फक्त अँटी चीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) असलेल्या ऑनलाइन गेममध्ये असलं काही घालू नये, अकाउंट बॅन होऊ शकतं.

हा फरक कुणाला दाखवायचा तर मात्र पंचाईत होते. एचडीआर स्क्रीनशॉट साध्या पीएनजीत गेला की फिका किंवा जळलेला दिसतो, विंडोजचा गेम बार त्यासाठी वेगळी जेएक्सआर फाइल बनवतो, पण तीही समोरच्याकडे एचडीआर स्क्रीन असेल तरच कळते.