शेतजमिनीवर शेळी-मेंढीचा कत्तलखाना : जमीन घेण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

हे पत्रक महाराष्ट्रात ग्रामीण भागात रोज दहा ते शंभर शेळ्या-मेंढ्यांचा कत्तलखाना स्वतःच्या किंवा विकत घ्यायच्या शेतजमिनीवर उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला राज्यात २०१५ पासून पूर्ण बंदी आहे. म्हशीसाठी पशुसंरक्षण कायद्याखाली स्वतंत्र दाखला लागतो. ते दोन्ही विषय इथे घेतलेले नाहीत.

सर्वांत जास्त पैसा एका गैरसमजामुळे बुडतो : "जमीन एनए (बिनशेती) झाली की काम झाले." तसे नाही. बिनशेती परवानगी एका ठरावीक वापरासाठी असते. निवासी किंवा गोदामासाठी झालेली बिनशेती कत्तलखान्याला चालत नाही. जमीन महसूल संहितेत २०१४ पासून कलम ४२-अ व त्यापुढची कलमे आली, तेव्हापासून "आता एनए लागतच नाही" असेही सर्रास सांगितले जाते. या कलमांनी नियोजन आराखड्यातल्या काही जमिनींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या वेगळ्या बिनशेती आदेशाची गरज कमी केली आहे. पण आराखड्यात त्या जागेला जो वापर दाखवला आहे, तो या कलमांनी बदलत नाही. बिनशेतीची पद्धत गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलली आहे, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी लागू असलेले परिपत्रक तहसील कार्यालयातून हातात घ्या आणि मगच पुढे जा. दलालाच्या तोंडी माहितीवर इसार देऊ नका.

पहिले काम : झोन दाखला

सातबारा पाहून झाला की लगेच नगररचना कार्यालयातून (पुणे महानगर भागात पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) गट नंबरचा झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या विभागात आहे त्याचा दाखला) आणि त्यासोबत भाग नकाशा (आराखड्यातला त्या गटापुरता नकाशा) मागा. दोन्ही हवेत. नुसत्या दाखल्यावर 'शेती विभाग' एवढेच लिहून येते. नकाशावर मात्र दिसते की गटाचा एक कोपरा प्रस्तावित रस्त्यात गेला आहे, किंवा मधून झोनची सीमा गेली आहे, किंवा नाल्याकडची बाजू पूररेषेत आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या गटांत तर निळी (वरचेवर येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा पाहिल्याशिवाय बोलणीसुद्धा करू नका.

दाखल्यावर 'शेती विभाग' आला म्हणजे दार बंद झाले असे नाही आणि उघडले असेही नाही. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात प्रत्येक विभागात चालणाऱ्या वापरांची यादी दिलेली असते. त्या यादीत कत्तलखाना कोणत्या शब्दांत आला आहे, नियोजन प्राधिकरणाच्या विशेष परवानगीची अट आहे का, रस्त्याची किमान रुंदी किती सांगितली आहे, हे मूळ मजकुरातून वाचा आणि त्या पानाची प्रत अर्जाला जोडा. "मंजूर वापर" आणि "विशेष परवानगीने मंजूर वापर" यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात अधिकारी जागा पाहून नकार देऊ शकतो, आणि तो नकार नियमाला धरून असतो.

आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांना याच ठिकाणी फटका बसतो. शेती विभागात कोंबड्यांचे शेड चालते, म्हणून त्याला लागून कोंबडी कापण्याचे ड्रेसिंग युनिटही चालेल असे ते धरून चालतात. पाळणे हा शेतीपूरक वापर आहे, कापणे आणि साफ करणे ही प्रक्रिया आहे, आणि दोन्हींची परवानगी वेगवेगळी मागावी लागते.

सातबाऱ्यावरच अडणाऱ्या गोष्टी

भोगवटादार वर्ग-२ असे लिहिले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर आणि वापरातला बदल, दोन्ही थांबतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन आहे, म्हणजे ती बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कुळकायद्याचे (१९४८) कलम ६३ आडवे येते. औद्योगिक वापरासाठी ६३-१अ ची वाट आहे, पण तिच्या अटी पूर्ण होतात का ते आधी पाहा. गटाचा तुकडा पाडून घ्यायचा असेल तर तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) तपासा. इतर हक्कात बँकेचा बोजा असला तर तो उतरवून घ्या. या साऱ्याची तपासणी दोन दिवसांत होते आणि पुढची दोन वर्षे वाचतात.

विमानतळाचे दहा किलोमीटर

हे बंधन सातबाऱ्यावर येत नाही, झोन दाखल्यावरही सहसा येत नाही. विमान नियम १९३७ च्या नियम ९१ प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (विमानतळाचे स्थान दाखवणारा अधिकृत बिंदू) १० किलोमीटरच्या त्रिज्येत जनावर कापणे, सोलणे आणि घाण टाकणे यावर बंदी आहे. नियमात सांगितलेली खबरदारी घेतल्याशिवाय सवलतीचा विचारही होत नाही. कारण उघड आहे : आतडी-चरबीवर घारी जमतात आणि पक्षी इंजिनात गेला तर विमानातल्या माणसांचा जीव धोक्यात येतो.

अंतर मोजायचे ते विमानतळाच्या कुंपणापासून नाही, संदर्भबिंदूपासून, आणि तेही सरळ रेषेत. रस्त्याने चौदा किलोमीटर असलेली जागा सरळ रेषेत नऊ भरू शकते. पुण्याच्या लोहगावसाठी वाघोली, कोल्हापूरच्या उजळाईवाडीसाठी गोकुळ शिरगाव ही गावे या वर्तुळात येतात. ओझर, चिकलठाणा, शिर्डीजवळचे काकडी, पनवेल-उलवे इथेही गटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन अंतर काढा. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान यांसारख्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांचे आणि कोकणात किनारपट्टी नियमनाचे बंधन वेगळे असते, त्यांचीही हीच तपासणी करून घ्या.

किती जनावरे, तशी परवानगी

अन्नसुरक्षा परवाना नियमांप्रमाणे (२०११) रोज १० पर्यंत लहान जनावरे (शेळ्या-मेंढ्या) किंवा ५० पर्यंत पक्षी असतील तर नोंदणी पुरते. त्यापुढे १५० लहान जनावरांपर्यंत किंवा १,००० पक्ष्यांपर्यंत राज्य परवाना आणि त्याच्याही वर केंद्रीय परवाना लागतो.

दुसरीकडे, प्राणी क्रूरता प्रतिबंध (कत्तलखाना) नियम २००१ हे रोज १० किंवा अधिक जनावरे कापणाऱ्या जागेला लागू होतात. म्हणजे रोज बरोबर दहा बोकड कापणारा अन्नसुरक्षेच्या साध्या नोंदणीत बसतो, पण २००१ च्या नियमांतही येतो. "आमचे छोटे काम आहे" म्हणून हे नियम सोडून बांधकाम केले की पुढे भिंती फोडाव्या लागतात.

याच नियमांत आणखी एक आकडा आहे, तो क्षमता ठरवतो. पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. एकच पशुवैद्यक असेल तर राज्य परवान्यावर १५० लिहून मिळाले तरी काम ९६ वर थांबते. चाळीस शेळ्यांच्या तपासणीला तीन तास वीस मिनिटे लागतात. तपासणीनंतर जनावराला कत्तलीआधी वाड्यात २४ तास विश्रांती द्यावी लागते, म्हणून सकाळी सातला मटण गाडीत भरायचे असेल तर तपासणी कत्तलीच्या किमान एक पूर्ण दिवस आधी धरा. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतले करडू-कोकरू कापता येत नाही. बाजारातून घाऊक माल उचलणाऱ्याने ही छाननी खरेदीच्या वेळीच करावी.

जागा किती लागते : रोज चाळीस शेळ्यांचा हिशेब

जनावरे थांबवायच्या वाड्यात प्रत्येक लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा लागते. चाळीस शेळ्यांना ६४ चौरस मीटर होतात. बाजाराच्या आदल्या दिवशी दुप्पट आवक होत असेल तर १२८ धरा. वाड्याची जमीन काँक्रीटची, न घसरणारी, उताराची हवी आणि कडेने १५० ते ३०० मिलिमीटर उंचीचा कठडा हवा. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, म्हणून वाडा आणि कत्तलीची जागा यांत आडोसा नव्हे तर भिंत घाला.

कत्तलीच्या खोलीत दर ३७ चौरस मीटरला एक गटारतोंड आणि तोंडाकडे मीटरमागे साधारण २० मिलिमीटर उतार लागतो. १४५ चौरस मीटरच्या खोलीला चार तोंडे होतात, आणि तोंडापासून तीन मीटर लांबच्या टोकाला फरशी ६० मिलिमीटर उंच ठेवावी लागते. सर्वांत जास्त चूक इथेच होते. गवंडी घरासारखी पातळी धरून फरशी बसवतो, वर चकचकीत टाइल्स लावतो, आणि पहिल्या आठवड्यात रक्त कोपऱ्यात साचते, माणसे घसरतात. उतार काँक्रीट टाकतानाच काढा. नंतर वरून सिमेंट लिंपून काढलेला उतार वर्षभरात उखडतो. प्रत्येक तोंडाखाली खोल पाण्याचा सापळा बसवा, आणि शौचालयाची नळी या गटाराला कुठेही जोडू नका. खोलीत सगळीकडे २०० लक्स आणि मांस तपासणीच्या जागी ५०० लक्स (उजेडाचे माप) उजेड लागतो. माल सरकवायची दारे १५०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत. सुऱ्या निर्जंतुक करायला ८२ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. साधा घरगुती गिझर तिथपर्यंत सातत्याने पोचत नाही.

वाडा, खोली, शीतगृह, सांडपाण्याची टाकी, गाडी वळवायची जागा आणि समासातले अंतर (इमारत आणि हद्द यांत मोकळी सोडायची जागा) धरून चाळीस शेळ्यांसाठी आम्ही वीस गुंठ्यांपेक्षा कमी जमीन सुचवत नाही. दहा गुंठ्यांत इमारत बसते, पण टाकी शेजाऱ्याच्या बांधाला टेकते आणि पहिली तक्रार तिथूनच जाते.

रक्त, चोथा आणि विहिरीचे पाणी

परवानगी नाकारली जाते किंवा मिळालेली रद्द होते ती बहुतेक वेळा पाण्यावरून, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

सांडपाण्याची घाण बीओडी या मापाने मोजतात, म्हणजे ती कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो ते. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ताज्या रक्ताचा दीड-दोन लाख. म्हणजे एक लिटर रक्त गटारात सोडले तर पाचशे लिटरहून अधिक घरगुती सांडपाण्याइतका भार पडतो. चाळीस शेळ्यांचे साधारण चाळीस लिटर रक्त फरशीवरून धुऊन टाकले तर कोणतीही छोटी टाकी तो भार पेलत नाही. टाकीतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात आणि तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास गावठाणापर्यंत जातो. त्यामुळे रक्तासाठी वेगळी पन्हळ आणि झाकणाची टाकी हवी. ते धुण्याच्या पाण्यात मिसळूच द्यायचे नाही.

पोटातला चोथाही कोरडाच उचलायचा. हिशेबासाठी शेळीमागे तीन किलो धरा, म्हणजे दिवसाला सव्वाशे किलोच्या आसपास. पाण्याने ढकलला तर तो जाळीत अडकतो. कोरडा उचलून काडीकचऱ्यासोबत ढिगात घातला तर दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होते, आणि आपल्याच शेतात वापरता येते. ढिगाखाली पक्का तळ हवा.

उरलेले धुण्याचे पाणी आधी जाळीतून आणि मग चरबीच्या सापळ्यातून जाते. पुढे समतोल टाकी, जैविक प्रक्रिया आणि निवळण टाकी हे टप्पे असतात. चरबीचा सापळा वगळला की डिसेंबर-जानेवारीत थंडीने चरबी नळीत गोठते आणि पाणी उलटे खोलीत येते. शोषखड्ड्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. काळ्या मातीत तो पावसाळ्यात भरून वाहतो. मुरूम आणि फुटक्या खडकात उलटे होते : पाणी झटकन मुरते आणि भेगांतून शेजारच्या विहिरीत उतरते.

कत्तलखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल (सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या) वर्गात येतो. उभारणीची संमती बांधकामाआधी आणि चालवण्याची संमती काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते. बांधून झाल्यावर केलेल्या अर्जात टाकीची जागा चुकलेली निघाली तर दुरुस्तीला वाव नसतो. पाण्यासाठी नवी बोअर घ्यायची असेल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत भूजल कायद्याचे बंधन आहे. गावाची नळयोजनेची विहीर नेमकी कुठे आहे ते ग्रामपंचायतीकडून नकाशावर खूण करून घ्या.

ग्रामपंचायतीकडे जाताना

ना-हरकत दाखला सरपंच किंवा ग्रामसेवकाच्या सहीपुरता घेऊ नका, ग्रामसभेच्या ठरावासह घ्या. ठरावात गट नंबर, जनावरांचा प्रकार, रोजची कमाल संख्या आणि सांडपाण्याची व्यवस्था हे चारही मुद्दे लिहिलेले असावेत. "मांस प्रक्रिया उद्योगास हरकत नाही" अशी मोघम भाषा पुढे कोर्टात टिकत नाही, कारण गावाला कत्तलखान्याची कल्पनाच दिली नव्हती असा आक्षेप येतो, आणि तो रास्त असतो. सभेत मोठा नकाशा लावा आणि रक्त कुठे जाणार, वारा कोणत्या बाजूने वाहतो, गाड्या कोणत्या रस्त्याने येणार हे उघड सांगा. पश्चिमेकडून वाहणारा वारा गावाकडे जात असेल तर जागा बदलण्याचा सल्ला आम्ही आधीच देतो.

कामाचा क्रम असा ठेवा : सातबारा व फेरफार, झोन दाखला व भाग नकाशा, विमानतळ आणि पूररेषेची तपासणी, ग्रामसभेचा ठराव, मग खरेदी. त्यानंतर मोजणी, नियोजन प्राधिकरणाची परवानगी आणि बिनशेतीची पूर्तता, प्रदूषण मंडळाची उभारणी संमती आणि मग बांधकाम. शेवटी चालवण्याची संमती, अन्नसुरक्षा परवाना आणि पशुवैद्यकाची नेमणूक. परवानगीविना वापर सुरू केला तर महसूल संहितेच्या कलम ४५ प्रमाणे दंड होतो आणि वापर थांबवावा लागतो. नगररचना कायद्याखाली बांधकाम पाडण्याची नोटीस वेगळी येते.

आमच्याकडे येताना चालू तारखेचा डिजिटल सातबारा, आठ-अ, गटाचा मोजणी नकाशा (असल्यास) आणि रोज किती जनावरे कापायची तो आकडा एवढे आणा. आकडा नक्की नसेल तर सर्वांत गर्दीच्या दिवसाचा सांगा, कारण टाकी आणि वाडा त्या दिवसाच्या हिशेबाने बांधावा लागतो.