बांबूच्या कापात दोन खुंट्या

ओहोटीला गुहागरची वाळू ओली, घट्ट असते. काठीने ओढलेली रेघ भरती चढेपर्यंत टिकते. तिथे एक खुंटी ठोका, तिला सुंभ बांधा, दुसऱ्या टोकाला काठी अडकवून सुंभ ताणत फेरी मारा. झालं वर्तुळ. एका बिंदूपासून ठरावीक अंतरावरचे सगळे बिंदू, एवढीच त्याची व्याख्या.

आता खुंट्या दोन. सुंभाची टोकं दोघींना बांधा, मधे भरपूर ढील ठेवा आणि ती काठीने ताणत फिरा. उमटेल ते लंबवर्तुळ. काठी कुठेही असो, दोन्ही खुंट्यांपासूनच्या अंतरांची बेरीज सुंभाएवढीच. या खुंट्या म्हणजे नाभी.

पण वाडीत पोकळ बांबूवर कोयता तिरका चालवला की दिसणारा लांबट कापही लंबवर्तुळच असतो (बांबू अगदी गोल आणि काप सपाट धरू). इथे ना सुंभ, ना खुंट्या. मग बेरीज राखली कोणी?

बेल्जियन गणिती दांदलँ यांनी 1822 मध्ये शंकूच्या कापासाठी जी युक्ती काढली, ती बांबूलाही चालते. कापाच्या जागी बांबूत पातळ पत्रा बसवला आहे असं समजा. बांबूत घट्ट बसणारा एक चेंडू वरून आणि एक खालून सरकवा, पत्र्याला टेकेपर्यंत. टेकले तिथे खुंट्या! प्रत्येक चेंडू बांबूला आतून एका कड्यावर शिवतो. आता कापाच्या काठावर मुंगी बसवा. तिच्यापासून वरच्या चेंडूला जाणाऱ्या सगळ्या स्पर्शरेषा सारख्याच लांबीच्या. म्हणजे वरच्या खुंटीचं अंतर आणि बांबूच्या भिंतीवरून सरळ वर, कड्यापर्यंतचं अंतर एकच. खालच्या चेंडूचंही तेच. बेरीज केली तर उरतं दोन कड्यांमधलं अंतर, आणि ते मुंगी कुठेही गेली तरी बदलत नाही. मला तरी हा भूमितीतला सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

बेरजेऐवजी वजाबाकी कायम ठेवली की अपास्त मिळतो. पडवीतल्या दिव्याला गोल शेड असेल तर शेजारच्या भिंतीवर पडणारी उजेडाची कमान तीच. एक खुंटी आणि एक सरळ रेघ, दोघींपासून सारखं अंतर ठेवलं तर अन्वस्त.

दोन माडांमध्ये सैल बांधलेली दोरी मात्र अन्वस्तासारखी दिसते, पण तशी नसते. तिचा खरा वक्र 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी उलगडला.