तांदळाच्या दाण्याएवढी माशी अन् तिचा नेम

पावसाळा संपता संपता नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे फिरायला गेलो होतो, तिथं एका वाळक्या काडीच्या टोकावर बारकी माशी दिसली. आधी मला मच्छरच वाटला, पण वाकून पाहिलं तर तोंडात चिलट धरून चोखून राहिली होती! सोबतचा मित्र म्हणे, "हात नको लावू बे, विषारी असते, माणूस मरते." अरे, तिच्या लाळेतलं विष किड्यांसाठी असते. मोठी जात मुठीत दाबली तर डंख जोरात दुखतो, पण माणूस मरत नाही, उगाच दिसेल तो किडा मारू नका.

ही रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. जगात हिच्या ७ हजारांवर जाती आहेत. त्यातली अमेरिकेतली होल्कोसेफाला फुस्का जेमतेम ६ मिलिमीटरची, पण डोळ्याच्या मधल्या भागातली भिंगं मोठी, म्हणून ०.२८ अंशाच्या कोनाएवढा बारकावा टिपते. इतकी नजर तिच्या दहापट मोठ्या चतुराची असते.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मासेमारीच्या दोऱ्यावर मणी ओवून तिच्यासमोरून पळवले, अन् ती मण्यावरही झेपावली. आता खरी गंमत बघा. ती शिकारीच्या मागे धावत नाही. चौकात तुम्ही गाडीवर सरळ चालले आहात, बाजूच्या रस्त्यानं दुसरी गाडी येत आहे, अन् ती तुम्हाला सतत त्याच कोनात दिसते, पुढे सरकत नाही की मागे पडत नाही, फक्त मोठी होत जाते, तर समजा धडक पक्की. आपण तेव्हा ब्रेक मारतो, ही माशी मुद्दाम तोच कोन धरून ठेवते. कोन सरकला की लगेच वळते, सरकणं थांबलं की तशीच जाते, म्हणजे एवढ्यासाठी शिकारीचा वेग किंवा अंतर मोजायची गरजच नाही. "माशीला गणित येते" असं लोक कौतुकानं लिहितात ते मला पटत नाही, गणित आपण मांडतो, तिला फक्त कोन सांभाळायचा असते.

साधारण २९ सेंटिमीटरवर आली की ती चाल बदलते. वेग कमी करून वळण घेते अन् शिकारीच्या बरोबरीनं उडायला लागते. चालत्या गाडीत चढताना आपण सोबत धावतो ना, तसं. दोघांच्या वेगातला फरक कमी झाला की शेवटच्या क्षणी नेम सुधारायला वेळ मिळतो, मग पायांनी धरायचं.

अंबाझरीची माशी दुसऱ्या जातीची होती. मी तिथंच उभा राहिलो, ती उडाली, अन् थोड्या वेळानं परत त्याच काडीवर येऊन बसली.