डॅन्यूब क्रूझच्या आधी बुडापेस्टमध्ये तीन रात्री : ऑक्टोबरच्या गटासाठी माहिती

क्रूझचं बुकिंग झालं की आठवड्याभरात फोन येतोच, की जहाज रविवारी दुपारी आहे ना, मग रविवारी सकाळी पोचलो तर चालेल का, हॉटेलचा खर्च वाचेल. आमचं उत्तर दरवेळी नाही असंच असतं, आणि ते का ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका काका-काकूंना आम्हीच तसं तिकीट काढून दिलं होतं, सकाळी नऊला विमान उतरणार, तीनला जहाजावर चढणार, कागदावर सगळं व्यवस्थित. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं, ते बुडापेस्टला पोचले दुसऱ्या दिवशी, तोवर जहाज निघून गेलेलं, मग ट्रेनने ब्रातिस्लाव्हाला जाऊन जहाज गाठलं आणि बॅगा मिळाल्या थेट व्हिएन्नाला. काकू चार दिवस एकाच ड्रेसवर होत्या आणि एका शब्दाने आम्हाला बोलल्या नाहीत, त्याचंच आम्हाला जास्त लागलं. मुंबईहून जाताना दुबई, दोहा, इस्तंबूल नाहीतर फ्रँकफर्ट अशा कुठेतरी विमान बदलायचंच आहे, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. तेव्हापासून आम्ही निदान दोन रात्री आधी पोचल्याशिवाय क्रूझ देत नाही. २०२६ च्या गटाला तर तीन सांगतोय, कारण यावेळी तारखा जरा विचित्र आल्यात.

तारखा नीट बघा

दसरा २० ऑक्टोबरला आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे दोन्ही सण घरी करून मधल्या दिवसांत जाऊन येता येतं, म्हणूनच हा गट ठरवलाय. आपण गुरुवारी २२ तारखेला बुडापेस्टला उतरतोय आणि रविवारी २५ ला जहाजावर चढतोय. आता गंमत बघा, शुक्रवार २३ ऑक्टोबर हा हंगेरीचा राष्ट्रीय दिवस, १९५६ साली सोव्हिएत सत्तेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले त्याची आठवण, आणि १९८९ ला याच तारखेला प्रजासत्ताक जाहीर झालं. त्या दिवशी दुकानं बंद. शनिवारी दोहानी रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद, रविवारी मोठी मंडई बंद. म्हणजे कुठल्या दिवशी काय करायचं हे इथेच ठरवून निघालं नाही तर तीन दिवस बंद दारं बघत फिराल.

म्हणून मंडई गुरुवारीच. हॉटेलवर बॅगा टाका, चहा घ्या, आणि झोपू नका, झोपलात तर रात्री दोनला जागे व्हाल. २ नंबरची ट्राम पकडा, ती पेस्टच्या काठाने (पेस्ट म्हणजे नदीच्या पूर्वेचं सपाट शहर, पलीकडे टेकड्यांचं बुडा) नदीला धरूनच जाते, फोवाम तेर स्टॉपला उतरलं की समोर मंडई. १८९७ ची इमारत, वर रंगीत कौलं, आत लोखंडी कमानी, खाली भाजी आणि पाप्रिका, वरच्या मजल्यावर खाण्याचे आणि भेटवस्तूंचे स्टॉल. पाप्रिका म्हणजे आपली लाल मिरची नव्हे, गोडसर असते, एदेश म्हणजे गोड आणि चिपोश म्हणजे तिखट, डब्यावर हे शब्द बघून घ्या. बाहेर पडलं की शेजारीच हिरवा लोखंडी पूल आहे, साबाद्शाग म्हणजे स्वातंत्र्य पूल, १८९६ चा. त्याच्या मधोमध जाऊन उभं राहा, एवढं पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

शुक्रवारी कोशुत चौकात पार्लमेंटसमोर झेंडा चढवायचा सरकारी कार्यक्रम असतो, मधोमध भोक पाडलेले झेंडे दिसतील, ५६ साली लोकांनी झेंड्यातलं कम्युनिस्ट राजचिन्ह कापून काढलं होतं त्याची ती खूण. लांबून जरूर बघा, पण काही रस्ते अडवलेले असतात, सभा-मोर्चे असतात, तेव्हा गर्दीत घुसू नका आणि पार्लमेंटच्या आतलं तिकीट या दिवसाचं काढू नका. शुक्रवार आम्ही गरम पाण्याच्या कुंडासाठी ठेवलाय. पार्लमेंट शनिवारी सकाळी.

जे जहाज दाखवणार ते आधी बघू नका

ही आमची सगळ्यात आग्रहाची सूचना. क्रूझमध्ये बुडापेस्टची एक सिटी टूर बहुतेक धरलेलीच असते, बसने बुडाच्या टेकडीवर नेतात, मात्याश चर्च, मच्छीमारांचा बुरूज, मग वीरांचा चौक. आणि रात्री जहाज स्वतःच दिवे लागलेल्या पार्लमेंटसमोरून जातं. तरी दरवर्षी कुणीतरी आधीच्या रात्री पैसे देऊन एक तासाच्या बोटीत बसून येतं आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा बघतं, तेही आपल्या केबिनच्या खिडकीतून, फुकट. तुमच्या टूरचा कागद आमच्याकडून मागून घ्या आणि त्यात जे आहे ते या तीन दिवसांतून काढून टाका.

जे जहाज दाखवत नाही ते आतून बघायचं. पार्लमेंट आतून फक्त त्यांच्या गाइडबरोबर बघता येतं, पाऊण तास लागतो, तिकिटं आधीच संपतात म्हणून आम्ही ती इथूनच काढतो, युरोपबाहेरच्यांना दर जास्त आहे तो धरूनच पैसे सांगितलेत. घुमटाखाली हंगेरीचा जुना राजमुकुट ठेवलाय, तिथे फोटो काढू देत नाहीत. घुमटाची उंची ९६ मीटर आणि सेंट स्टीफन बॅसिलिका या मोठ्या चर्चचीही ९६, कारण माग्यार म्हणजे हंगेरियन लोक इथे ८९६ साली आले असं हे लोक मानतात.

पार्लमेंटमधून बाहेर आल्यावर नदीकाठाने दक्षिणेला थोडं चाला. काठावर लोखंडी बूट मांडलेत, ६० जोड, बायकांचे, पुरुषांचे, काही लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभं करून गोळ्या घातल्या, त्याआधी पायातले बूट काढायला लावले कारण बुटांना किंमत होती. हे स्मारक २००५ चं. पाटी अगदी छोटी आहे, माहिती नसेल तर माणूस फोटो काढून पुढे जातो. आम्ही गटाला तिथे काही सांगत नाही, आधीच सांगून ठेवतो आणि तिथे गप्प उभं राहतो. सेल्फी काढू नका ही हात जोडून विनंती.

आणि एक, चित्रकार अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, १९१३ ला, आई हंगेरियन. चित्रांची आवड असणाऱ्यांना पेस्टच्या जुन्या घरांसमोरून जाताना हे आठवून वेगळं वाटतं असा आमचा अनुभव.

गरम कुंड

ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी १४-१५ अंश, सकाळी ६-७. अशा हवेत सेचेन्यी स्नानगृहाच्या उघड्या कुंडात उतरायचं, वर वाफा, भोवती पिवळी इमारत १९१३ ची, आणि आजोबा लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतायत. उन्हाळ्यात ही मजा नाही, शरदातच आहे. पिवळ्या मेट्रोने जायचं, एम-१, ती १८९६ पासून चालू आहे आणि जमिनीखाली इतकी वर आहे की दोन जिने उतरलं की प्लॅटफॉर्म. पोहण्याचाच कपडा लागतो, सुती पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत, त्यामुळे ज्यांना संकोच वाटतो त्यांनी पूर्ण अंगाचा स्विमसूट चालेल का ते आम्हाला आधी विचारा, आम्ही तिकडे विचारून सांगतो. रबरी चप्पल आणि टॉवेल घरून न्या. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा आणि गरम पाण्यात एका वेळी वीस मिनिटांच्या वर बसू नका. गेलेर्ट या दुसऱ्या स्नानगृहाचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, ते २०२५ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहणार नाही पण विचारावं लागेल. हूश म्हणजे मांस, हूश नेल्क्युल म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. बीनचं सूप म्हणजे बाबलेवेश नावावरून शाकाहारी वाटतं पण त्यात बहुतेकदा स्मोक केलेलं डुकराचं मांस असतं. रांतोत शायत म्हणजे तळलेलं चीज, फोझेलेक म्हणजे घट्ट भाजी (वर सॉसेज ठेवून देतात, नको म्हणा), आणि लांगोश, आपल्या भटुऱ्यासारखा मोठा तळलेला प्रकार, वर आंबट साय आणि चीज, हे सगळं मिळतं. तळण कशात आहे ते मात्र विचारा. या दिवसांत गेस्तेन्येप्युरे नक्की खा, चेस्टनटचा गोड लगदा, वर फेटलेली साय, त्यात कधी रम घालतात तेही आधी विचारून घ्या.

घरून पेढे, बर्फी, तूप, मिल्क पावडर नेऊ नका. युरोपात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, काढून घेतात. आम्ही हे मुद्दाम लिहितोय कारण २५ ला कोजागिरी आहे आणि मसाला दूध डोक्यात येणारच. नुसता मसाला न्या, केशर, वेलची, बदाम-पिस्त्याची पूड, दूध जहाजाच्या स्वयंपाकघरातून गरम करून मिळतं, आम्ही आधी कळवून ठेवू. डेकवर शाल घेऊन बसायचं, पेस्टच्या घरांमागून चंद्र वर येतो, पाणी काळंभोर आणि पुलांचे दिवे लागलेले. या एका संध्याकाळीसाठी तरी तारखा बदलू नका असं आमचं मन सांगतं.

व्हिसा आणि पैसे

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे मागायचा, दिवस सारखे आले तर जिथे पहिला प्रवेश तिथे. नुसत्या क्रूझचे दिवस मोजले तर बहुतेकदा ऑस्ट्रिया येतं, पण या तीन रात्री जोडल्या की हंगेरी पुढे जातं, म्हणजे अर्ज हंगेरीकडे. कुणी क्रूझनंतर मुलीकडे म्युनिकला आठ दिवस राहणार असेल तर तो जर्मनीचा होईल. म्हणून आधीचे-नंतरचे सगळे बेत आम्हाला अर्जाआधी सांगा, मागाहून नको. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, आता पासपोर्टवर शिक्का नसून कॉम्प्युटरवर नोंद आणि फोटो असतो, रांगेला वेळ लागतो, त्यामुळे मधला वेळ तीन तासांच्या आत असलेलं तिकीट स्वस्त मिळालं तरी आम्ही काढत नाही.

हंगेरीत युरो नाही, फोरिंट आहे. नोटा ५०० पासून २०,००० पर्यंत, आकडे बघून दचकू नका. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, मशीनवर रुपयात की फोरिंटमध्ये विचारलं तर नेहमी फोरिंट दाबा, रुपयाचा दर महाग लावतात. पैसे काढायचे तर बँकेच्या दारातलं एटीएम. रेस्टॉरंटमध्ये बिलावर सेर्विझदीय छापलं असेल तर सर्व्हिस चार्ज धरलेला आहे, वेगळी टिप नको. विमानतळावर आपणहून टॅक्सी विचारत येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, एकटे येणाऱ्यांसाठी १००-ई बस थेट शहराच्या मध्यावरच्या देआक चौकात सोडते, तिचं तिकीट वेगळं असतं, शहराचा पास चालत नाही. हॉटेल आम्ही देआक चौकाच्या आसपासच घेतो, पेस्टची बाजू सपाट आहे, गुडघ्यांना बरं, आणि तिथे तीन मेट्रो लाइन मिळतात.

रविवारचा दिवस

शनिवारी रात्री घड्याळ एक तास मागे जातं. मोबाइल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही, आणि भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो, घरी फोन करताना लक्षात ठेवा. शनिवारी पावणेसहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच मावळतो, म्हणून बाहेरचं जे काही राहिलंय ते सकाळीच उरका.

हॉटेल अकराच्या आसपास सोडावं लागतं, जहाजाची केबिन साधारण तीनला मिळते, पण सामान बहुतेक जहाजं सकाळपासून ठेवून घेतात. जहाज कुठे लागणार हे शेवटच्या एक-दोन दिवसांत बदलू शकतं, पेस्टच्या काठाला लांबवर धक्के आहेत, त्यामुळे टॅक्सीवाल्याला जहाजाचं नाव पुरत नाही, धक्क्याचा नंबर लागतो, तो आम्ही शनिवारी रात्री ग्रुपवर टाकू. दोन-तीन जहाजं एकमेकांना लागून उभी असतात, कधी दुसऱ्याच्या जहाजातून चालत आपल्यात जावं लागतं, बॅग उचलून नेता येईल एवढीच भरा.

नदीचं पाणी आमच्या हातात नाही. शरदात कधी पाणी कमी असतं, मग जर्मनीतल्या उथळ भागात जहाज अडतं आणि पुढचं अंतर बसने जावं लागतं. कधी उलट, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पूर आला तेव्हा पुलांखालून जायला जागा उरली नाही आणि जहाजं दिवसच्या दिवस उभी राहिली. असं काही दिसलं तर निघायच्या आठवड्याभर आधी आम्ही प्रत्येकाला फोन करतो, मेसेजवर भागवत नाही. फोन तुमचाच लागेल असं बघा, मुलांचा नंबर देऊ नका.